डोळ्याचा पडदा सुटला, तर कोणतं ऑपरेशन?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेतील हे एक भाषण. वक्त्या आपल्याच सोसायटीत राहणाऱ्या नेत्रतज्ज्ञ असून डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया हे त्यांचे रोजचे काम आहे. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करून, थोडे संक्षिप्त करून देत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



 रविवार दुपारची झोप सोडून डोळ्यांवरचं भाषण ऐकायला इतके जण येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं.

कमिटीने मला मोतीबिंदूवर बोलायला सुचवलं होतं. पण मोतीबिंदूची माहिती आता घरोघरी आहे. पुढच्या दोन रांगांतल्या बऱ्याच जणांनी तो काढूनही घेतला असेल. मला लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, गणपतीच्या मंडपात जो प्रश्न विचारला जातो तो वेगळाच असतो. "डॉक्टर, माझ्या भावाच्या डोळ्याचा पडदा सरकला, त्याला पट्टा बसवला. साडूचाही सरकला, त्याला गॅस भरला. कंपनीतल्या एकाला तर तेल घातलं आणि काही महिन्यांनी परत काढलं. आजार एकच, मग ऑपरेशनं इतकी कशी? यातलं खरं कोणतं? आणि कोणाला उगाच खर्चात पाडलं?"

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मॅच बघायची आहे त्यांना उठता येईल. ही सगळी ऑपरेशनं खरी आहेत. कोणतं करायचं ते त्या डोळ्यावर ठरतं. आणि शेवटी किती दिसेल हे पट्टा की गॅस यापेक्षा तुम्ही किती लवकर पोचलात यावर जास्त अवलंबून असतं. आता हे असं का, ते सविस्तर सांगते.

पडदा म्हणजे काय आणि तो सुटतो कसा

आपला डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा चेंडू. त्याच्या आतल्या भिंतीला एक पातळ थर चिकटलेला असतो. तोच पडदा, म्हणजे रेटिना. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असायची, तसं त्याचं काम. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, हे सगळं मॅक्युला करतो. बाकीचा पडदा आजूबाजूचं दाखवतो. चेंडूच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी जेली असते, तिला काचद्रव म्हणतात.

वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, आकसते आणि पन्नाशी-साठीनंतर पडद्यापासून सुटून येते. बहुतेकांच्या डोळ्यात हे काही त्रास न होता होतं. पण एखाद्या ठिकाणी जेली पडद्याला घट्ट चिकटलेली असली, तर सुटताना ती पडद्याला ओढते आणि फाडते. भोक पडलं की पातळ झालेलं पाणी त्यातून मागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो.

आपल्या सोसायटीत हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. टेरेसला एक बारीक चीर पडते, पावसाचं पाणी शिरतं, आणि वरच्या मजल्यावर छताच्या प्लास्टरचे पोपडे सुटायला लागतात. या विषयावर आपल्या किती सर्वसाधारण सभा गाजल्या ते सांगायला नको! पोपड्यावर रंगाचा हात मारून गळती थांबत नाही. चीर शोधून ती बुजवावी लागते. पडद्याचंही अगदी तसंच आहे. भोक शोधायचं, बुजवायचं. पट्टा, गॅस, व्हिट्रेक्टॉमी, सगळ्यांचा हेतू हाच.

हे होतं कोणाला? वर्षाला दहा हजार माणसांत साधारण एकाला. पण ज्यांच्या चष्म्याचा मायनस नंबर मोठा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, घरात कोणाला हा त्रास झाला आहे किंवा एका डोळ्याचा पडदा आधी सुटला आहे, त्यांना धोका जास्त. आणि डोळ्याला मार लागलेल्यांना. आपल्या शेजारी तळोजा एमआयडीसी आहे. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात घुसतो आणि पडद्यापर्यंत जातो. कंपनीने दिलेला गॉगल कपाळावर ठेवायचा नसतो, डोळ्यांवर ठेवायचा असतो. होळीत मारलेला पाण्याचा फुगा, पार्किंगमधल्या क्रिकेटचा चेंडू, यांनीही तरुण डोळ्याचा पडदा कडेपासून सुटतो. कधी कधी मार लागल्यावर काही महिन्यांनी.

मधुमेहातही पडदा सुटतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. तिथे बहुधा भोक नसतं. पडद्यावर वाढलेल्या रोगट जाळीने तो ओढला जातो. तिथे पट्टा की गॅस हा प्रश्नच येत नाही, आत जाऊन ती जाळी सोडवावी लागते. आज मी मुख्यतः भोक पडून सुटणाऱ्या पडद्याबद्दल बोलणार आहे.

चीर शोधा, हे कळायला किती काळ गेला

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच धरत. रुग्णाला आठवडेच्या आठवडे उताणं झोपवायचे, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून बाजूला वाळूच्या पिशव्या. तरी पडदा जवळजवळ कधीच बसत नसे.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात झ्युल गोनँ नावाचे डॉक्टर होते. त्यांनी ठामपणे सांगितलं की पडदा सुटण्याचं मूळ त्या भोकात आहे, भोक बंद केल्याशिवाय उपयोग नाही. भोकाची जागा बाहेरून मोजून काढायची आणि तिथे तापवलेल्या उपकरणाने डाग द्यायचा, म्हणजे व्रण धरून भोक बंद होतं, अशी शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. सुरुवातीला लोकांना पटलं नाही. १९२९ साली ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळाली आणि ज्या आजारात जवळजवळ कोणीच बरं होत नसे, त्यात निम्म्याहून जास्त पडदे बसायला लागले.

पुढचं नाव चार्ल्स शेपेन्स. हे मूळचे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात नाव बदलून फ्रान्सच्या डोंगराळ सीमेवर एक लाकडाची वखार चालवायचे आणि त्या आडून माणसांना गुपचूप स्पेनमध्ये पोचवायचे. युद्ध संपल्यावर त्यांनी डोक्यावर बांधायचं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं तपासणीचं यंत्र तयार केलं. आज तुम्ही तपासणीला जाता, डॉक्टर डोक्यावर दिवा बांधतो, हातात भिंग धरतो आणि "वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा" म्हणतो, ते हेच. त्यामुळे पडद्याच्या अगदी कडेचं भोकही दिसायला लागलं. शेपेन्स पुढे अमेरिकेत बॉस्टनला गेले आणि डोळ्याभोवती पट्टा घालण्याची पद्धत त्यांनी रुळवली.

त्यांच्याकडे शिकलेल्यांत आपले डॉ. एस. एस. बद्रिनाथ होते. भारतात परतून त्यांनी १९७८ मध्ये चेन्नईला शंकर नेत्रालय सुरू केलं. आपल्याकडे पडद्याची शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वर आहे. असे शिकत-शिकवत हे ज्ञान पुढे गेलं, म्हणून आज नावड्याच्या माणसाला यासाठी परदेशी काय, चेन्नईलाही जावं लागत नाही.

पहिली पायरी: लेझर

भोक पडलंय पण पाणी अजून शिरलेलं नाही, अशा वेळी सापडलात तर ऑपरेशन लागतच नाही. भोकाभोवती लेझरचे डाग देऊन पडदा भिंतीला जखडतात. खुर्चीवर बसून दहा-पंधरा मिनिटांचं काम. व्रण पक्का धरायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस जड उचलायचं नाही, उड्या-धक्के टाळायचे. गळती सुरू व्हायच्या आधी चीर बुजवली, इतकं सोपं.

पाणी शिरून पडदा उचलला गेला की मात्र नुसतं लेझर पुरत नाही. पडदा आधी भिंतीला टेकवावा लागतो. तो टेकवायचे तीन मार्ग आहेत.

बाहेरून: पट्टा

याला बकल म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, भोकाच्या बरोबर मागे, सिलिकॉनची पट्टी शिवतात. त्यामुळे डोळ्याची भिंत तिथे थोडी आत दबते आणि पडद्याला जाऊन टेकते. पडदा भिंतीकडे येत नाही ना, मग भिंत पडद्याकडे न्यायची! भोकाला गोठवून किंवा लेझरने व्रण देतात. मागचं पाणी मग आपोआप शोषलं जातं किंवा बारीक छिद्रातून काढतात.

हे कोणाला चांगलं? तरुणाला, ज्याचं स्वतःचं भिंग शाबूत आहे आणि आतली जेली अजून सुटलेली नाही. ज्याला मार लागून पडदा कडेपासून सुटला आहे. ज्याचं भोक खालच्या बाजूला आहे. फायदा मोठा आहे: डोळ्याच्या आत हत्यार घालावं लागत नाही, त्यामुळे मोतीबिंदू लवकर वाढत नाही, आणि बहुतेक वेळा पालथं झोपणं वगैरे काही नाही.

तोटे? चार-आठ दिवस डोळा दुखतो, सुजतो. पट्टा पूर्ण गोल घातला असेल तर डोळा किंचित लांबट होतो आणि मायनस नंबर वाढतो. काहींना काही दिवस दोन-दोन दिसतं. क्वचित पट्टा उघडा पडतो किंवा जंतुसंसर्ग होतो, मग काढावा लागतो. "हे जुनं ऑपरेशन, आता कोण करतं?" असं ऐकायला मिळतं. ते जुनं आहे, कालबाह्य नाही. पंचविशीतल्या मुलाच्या डोळ्यात अजूनही अनेकदा तेच पहिलं.

गॅसचा छोटा फुगा

दुसरा मार्ग ऑपरेशन थिएटरशिवायही होतो. डोळा बधिर करून बारीक सुईने थोडासा शुद्ध गॅस आत सोडतात. तो आत गेल्यावर फुगतो. फुगा नेहमी वर तरंगतो, म्हणून मान अशी ठेवायची की भोक सगळ्यात वर येईल. फुगा भोकावर टेकून राहिला की पाणी आत शिरायचं थांबतं, आधी शिरलेलं शोषलं जातं, आणि भोकाला दिलेला व्रण पक्का होतो. स्लॅब टाकल्यावर खाली सेंटरिंग लावतो ना, तसं. सेंटरिंग स्लॅब जोडत नाही, सिमेंट धरेपर्यंत आधार देतं. व्रण हे सिमेंट, गॅस हे सेंटरिंग. लवकर काढलं तर काय होतं ते सांगायला नको.

हे सगळ्यांना चालत नाही. भोक वरच्या भागात हवं, एक किंवा जवळजवळची दोन-तीन हवीत. आणि माणूस सांगितलेल्या स्थितीत निदान पाच-सहा दिवस नेटाने राहणारा हवा. ज्यांना मानेचा त्रास आहे, ज्यांचं लक्ष राहत नाही, त्यांना हे करून उपयोग नाही. एका फटक्यात यश येण्याचं प्रमाणही बाकीच्यांपेक्षा थोडं कमी. पण जमलं तर फार सुटसुटीत.

आतून: व्हिट्रेक्टॉमी

तिसरा मार्ग आज सगळ्यात जास्त वापरला जातो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामीला रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आत जाऊन जेली कापत-ओढत बाहेर काढणारं यंत्र तयार केलं. त्या पहिल्या हत्याराला दोन मिलिमीटरहून मोठा छेद लागायचा. आता अर्ध्या मिलिमीटरच्या तीन छिद्रांतून काम होतं, बहुतेकदा टाकाही नाही.

पडद्याला ओढणारी जेलीच काढून टाकायची, मागचं पाणी काढून पडदा सपाट करायचा, भोकांभोवती लेझर द्यायचं आणि शेवटी डोळा गॅसने किंवा सिलिकॉन तेलाने भरायचा. भोकं अनेक आहेत, मोठी आहेत, मागच्या बाजूला आहेत, आत रक्त साचलंय, पडद्यावर व्रणाच्या सुरकुत्या पडल्यात, किंवा मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलंय, अशा डोळ्यांत हे चांगलं.

तोटा असा, की स्वतःचं भिंग असलेल्या, विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसाला यानंतर वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू होतोच म्हणा. तो पुढे काढता येतो, पण ते दुसरं ऑपरेशन धरूनच चालायचं.

गॅस की तेल? गॅस आपोआप जातो. एक प्रकार साधारण दोन आठवडे राहतो, दुसरा सहा ते आठ आठवडे. तोपर्यंत त्या डोळ्याला धूसर दिसतं. मग वरून स्पष्ट व्हायला लागतं आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखी रेघ रोज खाली उतरताना दिसते. घाबरायचं नाही, ते चांगलं लक्षण. तेल मात्र आपोआप जात नाही, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून काढतात. अवघड डोळ्यांत लांब आधार हवा म्हणून तेल. "तेल काढायला परत बोलावलं म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलं" हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय! ते आधीपासूनच ठरलेलं असतं.

मग तुलनेत कोण जिंकलं?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. दोन सांगते.

युरोपातल्या पाच देशांतल्या डॉक्टरांनी मिळून ६८१ रुग्णांवर पट्टा आणि व्हिट्रेक्टॉमी यांची तुलना केली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचं स्वतःचं भिंग होतं त्यांना पट्ट्यानंतर जास्त चांगलं दिसलं. ज्यांना कृत्रिम भिंग बसवलं होतं त्यांच्यात व्हिट्रेक्टॉमीने पडदा जास्त खात्रीने बसला. म्हणजे एकाच चाचणीत एका गटात एक जिंकलं, दुसऱ्यात दुसरं.

दुसरी चाचणी कॅनडातल्या टोरंटोची, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली. १७६ रुग्ण. सगळ्यांची भोकं गॅसच्या फुग्याला चालतील अशीच निवडली होती. एका ऑपरेशनमध्ये पडदा बसण्याचं प्रमाण व्हिट्रेक्टॉमीत ९३ टक्के, फुग्यात ८१ टक्के. ऐकून वाटतं, व्हिट्रेक्टॉमी जिंकली. पण वर्षानंतर वाचन तपासलं तेव्हा फुगावाल्यांना तक्त्यावर सरासरी पाच अक्षरं जास्त वाचता आली, आणि वाकडंतिकडं दिसण्याचा त्रासही त्यांना कमी होता. ज्यांचा पडदा पहिल्या वेळी बसला नाही, त्यांना पुढे दुसरं ऑपरेशन करता आलं.

आता तुम्हीच सांगा, कोणतं चांगलं? एका झटक्यात काम व्हावं याला किंमत द्यायची, की थोडा धोका पत्करून शेवटी नजर जास्त नितळ मिळावी याला? रोज लोकलने जाणाऱ्या, आठवडाभर मान धरून बसू न शकणाऱ्या माणसाचं उत्तर वेगळं असेल आणि सोन्याच्या बारीक कारागिरीवर पोट असणाऱ्याचं वेगळं. म्हणून डॉक्टरांना "कोणतं चांगलं" असं न विचारता "माझ्या डोळ्याला कोणतं, आणि का" असं विचारा. भोक कुठे आहे, किती आहेत, मॅक्युला अजून चिकटलेला आहे का, नंतर मान कशी ठेवायची, दुसरं ऑपरेशन लागेल का, हेही विचारा. आणि हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, हेसुद्धा बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

एकूण सगळे प्रकार धरले तर दहांपैकी आठ-नऊ पडदे पहिल्या ऑपरेशनमध्ये बसतात. न बसण्याचं मोठं कारण म्हणजे पडद्यावर नंतर धरणारे व्रण, जे त्याला पुन्हा ओढतात. ते होतं तेव्हा डॉक्टरने चूक केली किंवा रुग्णाने पथ्य मोडलं असंच असतं असं नाही.

मॅक्युला कधी सुटतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडदा सहसा कडेपासून सुटायला लागतो आणि मध्याकडे येतो. मॅक्युला चिकटलेला असताना ऑपरेशन झालं तर आधीची नजर बहुतेक टिकते. मॅक्युला सुटल्यावर झालं तर पडदा उत्तम बसूनही बारीक अक्षर पूर्वीसारखं दिसेलच याची खात्री देता येत नाही. कारण पडद्याच्या पेशींना पोषण मागच्या भिंतीतून मिळतं. सुटल्या की त्या उपाशी. म्हणून मॅक्युला चिकटलेला असेल तर आज-उद्या ऑपरेशन, आणि सुटून दोन-चार दिवसच झाले असतील तरी या आठवड्यात. "अमावस्या होऊन जाऊ दे", "भाचीचं लग्न आटपलं की बघू", असं या आजारात चालत नाही.

लक्षणं लिहून घ्या. एका डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, माश्या, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येणं. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं दिसणं. आणि एका बाजूने सावली किंवा पडदा सरकत येणं. वरचा पडदा सुटला तर सावली खालून चढते, हे लक्षात ठेवा. वरचा भाग पाण्याच्या वजनाने भराभर सुटतो. दुखत मात्र काहीच नाही. म्हणूनच लोक थांबतात. दुसरा डोळा चांगला असला तर कळतसुद्धा नाही.

दोन-चार जुने ठिपके अनेकांना वर्षानुवर्षं असतात, त्याने काही होत नाही. नवीन, अचानक, एकदम खूप आले तर मात्र त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. स्कूटर चालवत जाऊ नका, परत येताना दिसणार नाही. आपल्याला दूर जायची गरज नाही. पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल आहे, मुंबईत जे. जे. रुग्णालय आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून हा आजार सापडत नाही. आणि कुठल्याही थेंबाने, गोळीने, काढ्याने सुटलेला पडदा चिकटत नाही.

घरच्यांचं काम

गॅस घातला असेल तर अर्धं काम डॉक्टरचं, अर्धं घरच्यांचं. मान खाली घालून बसायला सांगितलं असेल तर टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकवा. मोबाइल खाली मांडीवर. जेवण छोट्या ताटात. शेजाऱ्यांनी भेटायला जाऊन "जरा वर बघा की, चेहरा तरी दिसू दे" असा आग्रह करू नये. जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवा, त्याचा फार उपयोग होतो.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. गॅस डोळ्यात असेपर्यंत उंचावर जायचं नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस प्रसरण पावतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. डोळा कायमचा जाऊ शकतो. विमान तर बंदच, हे डॉक्टर सांगतातच. पण घाटाचं लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागलं की तासाभरात लोणावळा, म्हणजे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर. माथेरान त्याहून उंच, महाबळेश्वर तर १३०० मीटरच्याही वर. गॅस पूर्ण गेला असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुण्याला मुलीकडे जायचं असेल तरी आधी विचारा. त्या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला डोळ्यात गॅस आहे हे सांगायचंच. भुलीतला नायट्रस ऑक्साइड तो फुगा वाढवतो. तेल घातलं असेल तर विमान आणि घाट दोन्ही चालतात.

प्रश्नोत्तरे

_पट्टा आयुष्यभर आतच राहतो का? एमआरआय चालतो का?_

हो, त्रास नसेल तर आयुष्यभर राहतो, बाहेरून दिसत नाही. तो सिलिकॉनचा असतो, लोखंडाचा नाही, म्हणून एमआरआय चालतो. तपासणी करणाऱ्यांना ऑपरेशन झाल्याचं सांगावं मात्र.

_मग मोतीबिंदूचं ऑपरेशन करू नये का? त्याने पडदा सुटतो म्हणालात._

काकू, तसं नाही. मोतीबिंदू काढलेल्या बहुतेकांना हा त्रास कधीच होत नाही. धोका थोडा वाढतो, मोठा मायनस नंबर असलेल्यांना जास्त. ऑपरेशनआधी पडदा तपासून घ्या आणि लक्षणं माहीत असू द्या, एवढंच.

_खर्चाचं काय? साध्या पगारदाराला झेपतं का?_

व्हिट्रेक्टॉमीला यंत्र, गॅस किंवा तेल लागतं, म्हणून खर्च जास्त. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पडद्याच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी विचारा. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत खर्च बराच कमी पडतो. पैशांची जुळवाजुळव चालू असली तरी तपासणी थांबवू नका. मॅक्युला सुटलाय की नाही हे कळलं, तर किती घाई करायची ते तरी कळेल.

_माझ्या वडिलांचा पडदा बसला म्हणतात, पण सरळ रेघ वाकडी दिसते. ऑपरेशन बिघडलं का?_

मॅक्युला सुटून परत बसला की असं होऊ शकतं. सुधारणा हळूहळू, काही महिने, कधी वर्षभर चालते. चष्मा लगेच करू नका, डोळा स्थिरावेपर्यंत थांबा. आणि दुसरा डोळाही नियमित तपासा, कारण त्यालाही धोका असतो.

शेवटी एक छोटं काम देते. घरोघरी भिंतीवर कालनिर्णय आहे. दर रविवारी चहा पिताना एका डोळ्यावर तळहात ठेवून त्याच्यावरची तारीख वाचा, मग दुसऱ्यावर ठेवून वाचा. कडेचे चौकोन दिसतात का, कुठे सावली आहे का, तेही बघा. अर्ध्या मिनिटाचं काम. घरातल्या ज्येष्ठांकडून करून घ्या, आणि मोठ्या नंबरच्या चष्म्याच्या मुलांकडूनही.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. टेरेसचं वॉटरप्रूफिंग यंदा वेळेवर झालं, याबद्दल कमिटीचं मनापासून अभिनंदन. डोळ्यांच्या बाबतीतही तेवढीच वेळ सांभाळा.